सहज बसणारा खांदा

आमच्या ह्यांना सगळं हॉस्पिटल प्लास्टरमामा म्हणतं. मला नणंद नाही, त्यामुळे ह्यांना सख्खा भाचा असण्याचा प्रश्नच नव्हता. पण प्लास्टर रूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली की माणूस दिसेल त्याचा मामा होतो. ह्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा टेबलावर चढताना ‘मामा, जरा हळू हं’ म्हणतात. आणि मी आपली फुकटची मामी.

हाड जुळवतात डॉक्टर. ते जुळलेलं राहील असं बांधायचं ते ह्यांनी. कापूस किती पदरी गुंडाळायचा, प्लास्टरची पट्टी पाण्यात किती वेळ धरायची, कोपर किती वाकवून ठेवायचं, हे नवे डॉक्टर ह्यांच्याकडून शिकतात आणि शिकून झालं की ह्यांनाच हुकूम सोडायला लागतात. हे तिथे ऐकून घेतात आणि घरी येऊन जेवताना ओकतात. ‘तो नवा चष्मेवाला हात बांधतो की पार्सल पाठवतो कळत नाही,’ वगैरे. संध्याकाळी आले की भुवया पांढऱ्या, बूट पांढरे, कानांतसुद्धा पांढरं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, माणूस वयाने मोठा आहे आणि आपल्यापासून लपवलंय.

ह्यांची खरी मिजास निखळलेल्या खांद्यांवर. घरी पाहुणा आला, चहा झाला, की ह्यांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतलीच म्हणून समजा. त्या बशीवर लिंबू ठेवायचं आणि व्याख्यान सुरू. ‘मांडीचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा, तो जागचा हलत नाही. खांदा म्हणजे हे असं, बशीवर लिंबू. म्हणून तर हात चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच निखळतोही. लिंबू घरंगळू नये म्हणून बशीला काठ असतो, भोवती पिशवी असते, वरून स्नायू आवळून धरतात. एवढं सगळं असूनसुद्धा माणूस मूर्ख असला तर घरंगळतंच.’ पाहुणा मान डोलावतो आणि पुढच्या वेळी कपातूनच चहा पितो.

खांदा बसवायचा तर रुग्णाला सुई देऊन टेबलावर निजवतात, काखेतून छातीभोवती चादर घालतात. डॉक्टर हात धरून एका बाजूला ओढतात, आमचे हे चादरीची टोकं धरून दुसऱ्या बाजूला. बघणाऱ्याला वाटतं रस्सीखेच चाललीय. ह्यांचं म्हणणं, जोर लावायचाच नाही. धरून ठेवायचं आणि तोंड चालू ठेवायचं. घरी कोण रांधतं, मीठ कोणाला जास्त लागतं, असलं काहीतरी विचारत राहायचं. तो उत्तर देण्यात गुंतला की स्नायू सैल पडतात आणि गोळा आपणहून आत जातो. अशी शेकडो माणसं ह्यांनी धरून ठेवलीत, आणि त्यांच्या घरच्या मिठाचीही ह्यांना खडान्‌खडा माहिती आहे.

तर अशा ह्या गृहस्थांचा स्वतःचा उजवा खांदा निखळला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. शेजाऱ्यांचं मांजर आमच्या दुधाच्या पातेल्यात तोंड घालायचं. त्या दिवशी हे नेमके घरी. चप्पल उचलली, कोपर वाकवून हात डोक्याच्या वर नि मागे नेला, आणि अशा त्वेषाने फेकली की चप्पल सरळ कुंडीवर. मांजराने मान वर करून बघितलं आणि पुन्हा दूध प्यायला लागलं. आमचे हे दाराच्या चौकटीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक, या वेळी प्लास्टर न लागताच.

“डावीकडून ये,” म्हणाले. “उजव्याला हात लावू नकोस. बाहेर आलाय.”

“काय बाहेर आलंय?”

“गोळा.”

शर्टावरूनच दिसत होतं. खांद्याची गोलाई गेली होती आणि तिथे खोक्याला असतो तसा कोपरा आला होता. मी घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. बाह्या उसवायच्या, बाही जोडतात ते मुंढे कमी-जास्त करायचे, पुन्हा बाह्या बसवायच्या, हेच दिवसभर. माणसाचा खांदा मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. हा तसा नव्हता. मी म्हटलं, गाडी बोलावते, हॉस्पिटलात चला.

“वेड लागलंय का तुला? त्या दारातून मी पेशंट म्हणून आत जाऊ?”

आणि बसले की जमिनीवर. उजवा गुडघा वर घेतला, दोन्ही हातांची बोटं गुडघ्यापुढे एकमेकांत गुंफली आणि हळूहळू मागे झुकायला लागले. कपाळावरून घामाच्या धारा. पाच-सात मिनिटांनी आतून टक्कन आवाज आला. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे टाळ्यांची वाट बघत असल्यासारखं बघितलं. मी दूध टाकून दिलं आणि पातेलं घासायला घेतलं.

आता नियम काय, तर एक्स-रे काढायचा, हात तीन आठवडे झोळीत ठेवायचा, मग व्यायाम. हे ह्यांनी हजार लोकांना दरडावून सांगितलं असेल. स्वतः झोळी घातली दोन दिवस, तीही घरात, पडदे ओढून. तिसऱ्या दिवशी कामावर हजर.

“अहो, निदान एकदा दाखवा तरी,” मी म्हटलं.

“कोणाला दाखवू? एक्स-रेला खाली मीच नेणार, फिल्म वर मीच आणणार, आणि डॉक्टर ती उजेडात धरून मलाच विचारणार, ‘काय वाटतं मामा?’”

हे अगदी खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. तेव्हाच भांडायला हवं होतं. एरवी भांडणात मी कुणाला हार जात नाही.

पुन्हा निघाला तो दीड वर्षाने, माळ्यावरची सुटकेस काढताना. मग आठ महिन्यांनी, पोहताना. त्यानंतर मात्र धरबंध राहिला नाही. स्वेटर डोक्यातून काढताना निघाला. गाडीत मागच्या सीटवरची पिशवी पुढे ओढताना निघाला. एकदा नुसत्या शिंकेने निघाला, कारण शिंक आली तेव्हा हे डोक्यामागे हात घेऊन पडले होते. घराला एक वेगळीच शिस्त लागली. उंचावरचं मी काढायचं, मागचं मी ओढायचं आणि शिंक येते आहे असं वाटलं की ह्यांनी हात खाली घ्यायचा. बाहेर कुणाला पत्ता नाही. हे कोपर अंगाशी चिकटवून चालायचे, लोकांना वाटायचं साहेब रुबाबात आहेत.

पुढे ह्यांचा गुडघा दुखायला लागला, मग ते गुडघ्याचं तंत्र बंद पडलं. तेव्हा ह्यांनी मला कामाला लावलं. माझ्या कापडं कापायच्या टेबलावर हे पालथे झोपायचे, उजवा हात कडेवरून खाली लोंबता. मनगटाला मी रुंद पट्टी बांधायची आणि पट्टीला माझी जुनी लोखंडी इस्त्री, चांगली पाच किलोची. पंधरा-वीस मिनिटं तसंच लटकू द्यायचं. वजनाने स्नायू दमतात आणि गोळा घसरत घसरत आत जातो. ही काही आमची घरगुती युक्ती नव्हे, पुस्तकातली आहे. पुस्तकात इस्त्री नसेल एवढंच.

एकदा हे असे टेबलावर असताना एक निवृत्त हेडमास्तर पॅन्ट कंबरेत सैल करायला घेऊन आले. दार उघडंच होतं. समोर आमचे हे पालथे, गाल टेबलावर चपटा, हाताला इस्त्री लोंबते आहे. हेडमास्तरांनी चष्मा वर केला.

“माप देतायत,” मी म्हटलं.

“कशाचं?”

“बाहीचं.”

“नमस्कार सर,” टेबलावरून आवाज आला.

हेडमास्तरांनी नमस्कार केला, पॅन्ट खुर्चीवर ठेवली आणि परत न्यायला सुनेला पाठवलं. ते स्वतः पुन्हा कधी आले नाहीत.

नंतर नंतर इस्त्रीचीही गरज पडेना. हे उताणे झोपायचे. मी मनगट धरून हात बाजूने हळूहळू डोक्याकडे न्यायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा खांद्याच्या पुढच्या बाजूला ठेवायची. तिथे गोळ्याचा फुगवटा लागायचा. हात वर गेला की अंगठ्याने हलकासा रेटा द्यायचा, झालं काम. पंधरा मिनिटांची पाच झाली, पाचाचं एक. शेवटी तर हे अर्धी दाढी सोडून यायचे, मी भाजी चिरता चिरता उठायची, हात पुसायची, खांदा बसवायची आणि पुन्हा सुरी हातात घ्यायची. दुखायचंही पूर्वीसारखं नाही.

“काय हात आहे तुझा,” हे उरलेली दाढी करता करता म्हणायचे. “आमची पोरं तीन-तीन वर्षं शिकतात, त्यांना नाही इतकं सफाईने जमत.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. जन्मभर लोकांच्या बाह्या बसवल्या, ‘छान झालंय’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘इथे ओढलं जातंय’ म्हणणारेच जास्त भेटले. आणि इथे एक माणूस, तोही याच धंद्यातला, मला शाबासकी देत होता. मला वाटायचं मी तरबेज झालेय. ह्यांना वाटायचं खांद्याला सवय झाली. दोघंही खुशीत होतो.

हे सगळं उघडकीला आलं ते एका फर्निचर हलवणाऱ्या माणसामुळे. माणूस एकशे वीस किलोचा, जिन्यात कपाट सटकलं ते त्याने एका हाताने अडवायला बघितलं. कपाट वाचलं, खांदा गेला. प्लास्टर रूममध्ये त्या दिवशी डॉक्टरबाई होत्या. ह्या बाई बारा वर्षांपूर्वी शिकायला आल्या तेव्हा त्यांनी घातलेलं पहिलं प्लास्टर इतकं वाईट होतं, की मोठे डॉक्टर फेरीवर येण्याआधी ह्यांनी ते गुपचूप कापून नवीन घातलं होतं. बाई ते विसरल्या नाहीत. आता खांद्यांच्या सगळ्या शस्त्रक्रिया त्याच करतात आणि मामांचा शब्द सहसा मोडत नाहीत.

पुढचं मला बाईंनीच सांगितलं. चादर घातली, बाईंनी हात धरला, ह्यांनी चादर धरली, मिठाची चौकशी सुरू झाली. एवढ्यात तो धिप्पाड गडी सुईच्या गुंगीत काय समजला कोण जाणे, त्याने मोकळ्या हाताने ह्यांचा उजवा दंड पकडला आणि बाहेरच्या बाजूला असा झटकला, की ह्यांचा खांदा निघाला. ह्यांनी चादर सोडली नाही. डावा हात तर होताच, टोक त्यात गुंडाळून घेतलं, पाय टेबलाच्या दांडीला लावला आणि अंग मागे टाकलं. वर विचारताहेत, ‘आणि लोणचं? लोणचं खाता का?’ गड्याचा खांदा बसेपर्यंत धरून राहिले. बाईंनी त्याला झोळी घातली, मान वळवली, तर मामांच्या शर्टाला कोपरा.

“मामा, हे काय?”

“कुठे काय? आमच्या हिने शर्टाला पॅड घातलंय. फॅशन आहे.”

म्हणजे स्वतःचा खांदा लपवायला माझं शिवणकाम पुढे केलं. उभ्या आयुष्यात मी पुरुषाच्या शर्टाला पॅड घातलेलं नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला खांद्याच्या आधी त्या पॅडचाच राग आला.

बाईंनी तिथल्या तिथे ह्यांचा खांदा बसवला, दमदाटी करून सीटी स्कॅनला पाठवलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं. मी गेले तर हे बाईंच्या खोलीत खुर्चीवर, झोळीत हात, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव. समोर पडद्यावर खांद्याची बशी, समोरून दिसेल अशी.

“किती वेळा निघालाय?” बाईंनी विचारलं.

“चार-पाच,” हे म्हणाले.

“मामा.”

“सात धरा. पण बाई, बसतो किती सुरेख ते बघा ना. तुम्ही आत्ता बसवलात, काही कष्ट पडले? नुसता हात लावला की आत.”

बाई उठल्या आणि पडद्यावरच्या बशीच्या पुढच्या कडेला बोट लावलं. मागची कड गोल होती. पुढची कड उंदरांनी कुरतडल्यासारखी सपाट झाली होती.

“सहज बसतो, कारण अडवायला काठच राहिलेला नाही,” त्या म्हणाल्या. “दर वेळी बाहेर येताना आणि आत जाताना थोडा थोडा घासला गेलाय. पाव काठ गेला. जितकं सोपं होत गेलं, तितका खांदा खराब होत होता. तुमच्या एवढ्या वर्षांत हे तुमच्या लक्षात कसं नाही आलं?”

हे झोळीची कड चाचपत बसले.

आणि मी? दहा-दहा वेळा उसवलेला कोट माझ्याकडे येतो. बाही हातात घ्यावी तर मुंढ्यात सुळ्ळकन जाते. मला क्षणात कळतं, की माझा हात चांगला नाही, मुंढा फाटून मोठा झालाय. गिऱ्हाइकाला मी तोंडावर सांगते, ह्यात आता टाका धरणार नाही. हे मी रोज सांगते. आणि घरात, भाजीचा हात पुसून, मी आनंदाने त्याच फाटलेल्या जागी पुन्हा पुन्हा टाका मारत बसले होते.

“सात नाही,” मी म्हटलं. “गेल्या वर्षातच सतरा वेळा. एकूण साठच्या वर. आणि शेवटची पाच वर्षं ह्यांनी नाही, मी बसवलाय. ह्या हातांनी.”

बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती मला खुर्ची दिली.

मग त्यांनी शस्त्रक्रिया समजावली. खांद्याच्या पुढे चोचीसारखं एक हाडाचं टोक असतं. ते कापायचं, त्याला चिकटलेल्या स्नायूसकट, आणि बशीच्या गेलेल्या काठावर नेऊन दोन स्क्रूंनी पक्कं करायचं.

“म्हणजे ठिगळ,” मी म्हटलं.

“ठिगळच मामी. पण त्याच कापडाचं.”

“आणि नाही केलं तर?” ह्यांनी विचारलं.

“तर मी तुम्हाला टेबलापाशी उभं राहू देणार नाही. आज तुम्ही धरून ठेवलंत. उद्या सुटलं तर माणूस खाली पडेल. केलं, तरी सहा महिन्यांनी मी स्वतः तपासणार. हात मागे नेला आणि तो निघाला नाही, आणि निघेल अशी भीती तुम्हाला वाटली नाही, तर टेबल तुमचं. निघाला किंवा भीती वाटली, एक जरी झालं तरी फाइलींची खिडकी.”

फाइलींची खिडकी म्हणजे काय ते मला माहीत होतं. जिन्याखाली एक कप्पा आहे, तिथे बसून माणसं जुने कागद शोधतात आणि रोज एकमेकांना निवृत्तीची तारीख विचारतात. निवृत्तीला ह्यांना सहा वर्षं होती. ह्यांनी सही केली, डाव्या हाताने, वाकडीतिकडी.

पेशंट म्हणून हे काय चीज आहेत ते त्या वॉर्डातल्या सिस्टर तुम्हाला सांगतील, आणि सांगताना शिव्याही देतील. भूल उतरल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, “झोळीची गाठ मानेच्या मधोमध बांधलीय, कोणत्या गाढवाने?” शेजारच्या खाटेवरच्याची झोळी एका हाताने सोडून पुन्हा बांधली. समोरच्याला त्याचे व्यायाम शिकवले, ते चुकीचे निघाले, कारण त्याचा खांदा निखळलेला नव्हता, आखडलेला होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी हात जोडून घरी पाठवलं.

घरी सहा आठवडे. आंघोळ मी घालायची, बटणं मी लावायची. आणि ह्यांचं चाललेलं, मी जरा पाठ फिरवली की झोळी काढून ‘बघतो’. काय बघतो, तर हात निघतो का ते. दोनदा समजावलं, एकदा मी रडले, मग माझं डोकं सणकलं. मी झोळी बनियनला शिवून टाकली. जाड दोरा, दुहेरी टाका, पुढून आणि पाठीमागून. आंघोळीला उसवायची, आंघोळ झाली की पुन्हा शिवायची. फिजिओथेरपीवाल्या मुलीने पहिल्या दिवशी ते बघितलं आणि हसू दाबायला खोलीबाहेर गेली.

हात हळूहळू सुटत गेला. आधी काठीच्या आधाराने वर, मग भिंतीवर बोटं चढवत. हे अंग तिरकं करून लबाडी करायचे आणि वर मलाच म्हणायचे, बघ किती वर गेला. चौथ्या महिन्यापर्यंत केस विंचरता यायला लागले, शर्ट घालता यायला लागला. एकच अडलं होतं. कोपर वाकवून हात बाजूला घ्यायचा आणि पंजा मागे न्यायचा, मांजराला चप्पल मारायच्या बेतात असल्यासारखा. तिथे नेला, की ह्यांचा डावा हात झटकन येऊन उजव्याला पकडायचा. बाई म्हणायच्या, सांधा घट्ट आहे, तुम्हीच सैल सोडत नाही. बाईंनी मिठाचंही विचारून बघितलं. “हे माझंच वाक्य आहे,” हे म्हणाले, “ते माझ्यावर चालवू नका.” पाचव्या महिन्यातही तेच. हे बाईंकडून घरी आल्यावर चिडचिड करेनात, कोणाची नक्कल करेनात. मला त्या खिडकीपेक्षा ह्या गप्प राहण्याची जास्त धास्ती वाटायला लागली.

सहा महिने भरले त्या सकाळी बाईंनी प्लास्टर रूममध्येच बोलावलं. बाहेर बाकावर पाच-सहा लोक हातपाय धरून बसले होते. हे शर्ट काढून टेबलावर उताणे झाले, ज्या टेबलाशी अठ्ठावीस वर्षं उभे राहिले त्याच टेबलावर. बाईंनी हात बाजूला घेतला, पंजा मागे न्यायला लागल्या. निम्म्यातच डावा हात आला आणि पकडला.

“पुन्हा करू,” बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. ह्यांच्या ओठांवर घाम. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं, तिसऱ्यांदा झालं की त्या कागदावर काय लिहिणार.

“हिला नेऊ द्या,” हे एकदम म्हणाले.

“कोणाला?”

“हिला. आमच्या मंडळींना.”

मी दोन पावलं मागे सरकले. “माझे हात नकोत,” मी म्हटलं. “माझ्याच हातांनी वाट लागलीय त्याची.”

“म्हणून तर,” हे म्हणाले. डोळे छताकडे. “माझा गोळा काठावर आला की अंगठ्याला कसा लागतो ते बाईंना माहीत नाही. मलाही धड माहीत नाही, मी तर डोळे मिटून पडलेला असायचो. तुला माहीत आहे. तो निघणार असेल तर तुला आधी कळेल. तू थांबशील.”

बाई बाजूला झाल्या. एक हात त्यांनी खाली कोपराच्या आधाराला ठेवला, एवढंच. मी मनगट धरलं. दुसऱ्या हाताचा अंगठा खांद्याच्या पुढे ठेवला, नेहमीच्या जागी. हात बाजूला घेतला. पंजा मागे न्यायला लागले, शिवणीवर कात्री चालवते तितक्या हळू. निम्म्यावर आले. ह्यांचा डावा हात छातीवरून उचलला गेला, तसाच अधांतरी थांबला, आणि पुन्हा छातीवर टेकला.

मी पुढे नेत राहिले. जिथे हात नेला की गोळा बाहेर यायचा, तिथपर्यंत नेला. अंगठ्याखाली काही आलं नाही. कडक हाड होतं, जागेवर. आणखी थोडं मागे नेला, टेबलाला पंजा लागेपर्यंत. काही आलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“आता सोड,” हे म्हणाले.

मी आधी अंगठा काढला. मग एकेक करून मनगटावरची बोटं काढली. हात होता तिथेच राहिला.